टकटक मावशींचं दगडी घर

टकटक मावशी कुणाच्याही घरी गेल्या की आधी बोटाने भिंत वाजवायच्या, मग बूट काढायच्या. माँट्रियलजवळच्या ब्रॉसार्डमधल्या आमच्या नव्या घरी आल्या तेव्हा भिंतीला कान लावून म्हणाल्या, "पोकळ आहे." आणि चहा उभ्याउभ्याच प्यायल्या. नागपूरच्या या बाई जुन्या इमारतींच्या आर्किटेक्ट. बसलेल्या मी त्यांना क्वचितच पाहिलं. कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला राहणारी त्यांची मुलगी कधीपासून तिकडे बोलवत होती. "हे एक घर संपू दे," हे मावशींचं ठरलेलं उत्तर.

त्या दुरुस्त करत असलेलं ते घर जुन्या माँट्रियलमधलं. कुणा फ्रेंच व्यापाऱ्याने आपल्या गावाकडच्या धर्तीवर बांधलेलं: रस्त्याला चिकटून, खाली दुकान, वर बिऱ्हाड, पोटात दगडी तळघर. शनिवारी मी मावशींना पूल ओलांडून सोडायला जायचो आणि तिथेच अडकायचो. मागची ओबडधोबड भिंत मूळची, समोरचा घडीव दगड नंतरच्या इंग्रज मालकाचा. त्यानेच उतरतं छप्पर काढून वर मजला चढवला. पुढे गोदाम झालं, मग ऑफिसं, आता काँडो, म्हणजे विकायचे फ्लॅट होणार होते. हे सांगताना त्या सतत जिने चढत-उतरत असायच्या. मी दमून पायरीवर टेकलो की म्हणायच्या, "काहून बसला रे? घर चालत वाचावं लागतं."

आताच्या मालकाला लिफ्टसाठी तळघरातली कमान काढायची होती. दोन्ही घरं एकत्र बांधलेली, शेजारच्यांची भिंतही त्याच कमानीवर उभी आहे, असं मावशींनी त्याला परोपरीने सांगितलं. शेजारी लहान मुलांचं कुटुंब राहत होतं. मालकाला वाटलं, बाईंना जुन्या दगडांचं वेड आहे.

एका सकाळी आम्ही पोचलो तर कामगारांनी कमानीतला दगड सैल केला होता आणि वर भेग गेली होती. मावशी सरळ कमानीखाली जाऊन उभ्या राहिल्या. मी ओढायला गेलो तर माझा हात झटकला. मालक आला, भडकला. नागपुरी वळणाच्या फ्रेंचमध्ये मावशी म्हणाल्या, "इंजिनियर बोलवा. तो येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

इंजिनियर दुपारी आला. भेग पाहून त्याने काम थांबवलं आणि आधी शेजारच्यांना घराबाहेर काढलं. कमानीला टेकू मिळाला, लिफ्ट मागच्या अंगणात गेली. मावशींना मात्र त्या कामावर पुन्हा बोलावलं नाही.

तो हिवाळा त्यांना खायला उठला. न विचारता आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायच्या, तो झाला की पलीकडचा. बर्फ वितळल्यावर मुलीकडे गेल्या.

तिथे काही वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. मुलीचा फोन आला: आईला ते घर पाहायचंय. मी रविवारी गेलो. तळघरात आता कॅफे होता. व्हिडिओ कॉल लावून मी कमानीवरून फोन फिरवू लागलो. "हळू. अजून डावीकडे," मावशींचा आवाज जड झाला होता, पण घाई तीच. भेगेत भरलेला चुना वेगळा दिसत होता. त्यावर त्या काहीतरी बोलतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "शेजारी कोण राहतं आता?"

मी बाहेर आलो. तेच कुटुंब परत आलं होतं. दारासमोरच्या बर्फात मुलं घसरायच्या एका स्लेडसाठी भांडत होती.

"मोठी झाली रे," मावशी म्हणाल्या. त्यांना तुमच्याबद्दल सांगू का, असं मी विचारलं.

"काही सांगू नको. फोन तसाच धर."

बोटं गारठली होती. मी फोन तसाच धरून उभा राहिलो.