मायाच्या झोपेसाठी घातलेली भिंत

विठ्ठलवाडी स्टेशनजवळ राहणारी माया कोलशेतच्या एका लॅबमध्ये रात्रपाळी करते. गावोगावहून गोळा केलेले रक्ताचे नमुने तिथे रात्री पोचतात आणि सकाळी लोकांच्या मोबाइलवर रिपोर्ट येतात, ते तिच्यासारख्यांच्या जागरणावर. लग्न झालं, मुलगी ऐश्वर्या झाली, तिचं कॉलेजही संपत आलं. मायाची पाळी काही बदलली नाही. लोकांची दुपार ती तिची रात्र.

आणि नेमकी तेव्हाच भिंतीपलीकडे केशरबाईंची घरघंटी सुरू व्हायची. केशरबाई एकट्या राहायच्या, ऑर्डरप्रमाणे भाजणी करून विकायच्या. मायाचा डोळा लागतो न लागतो तोच घर्रर्र. ती उशी कानावर दाबून पडायची, मग वैतागून उठून चहा करायची आणि आता झोप आणखीच लांबली म्हणून स्वतःवर चिडायची.

"जाऊन सांग ना त्यांना," ऐश्वर्या म्हणायची.

"काय सांगू? त्याच्यावर पोट आहे त्यांचं. बंद करा म्हणू?"

शेवटी नवऱ्याने, रत्नदीपने, मनावर घेतलं. व्हिडिओ बघून बघून तो साउंडप्रूफिंगमधला जाणकार झालेला. आधी त्याने भिंतीला काळ्या स्पंजचे चौकोन चिकटवले. आवाज तसाच राहिला, वर त्या गोंदाच्या वासाने मायाचं डोकं चढलं. मग त्याने फॉल्स सीलिंगची कामं करणाऱ्या गोपीनाथला बोलावलं. जुन्या भिंतीपुढे पत्र्याची चौकट, आत आवाज शोषणारं लोकरीसारखं रॉकवूल, वरून जिप्सम बोर्ड.

"थोडे दिवस सोस," रत्नदीप म्हणाला. "मग कानाशी ढोल वाजला तरी उठणार नाहीस."

थोडे दिवस कसले! सोसायटीच्या नियमाने ड्रिल चालवायची फक्त दिवसा, म्हणजे तिच्या झोपेतच. ती हॉलमध्ये सोफ्यावर अंग मुडपून पडायची; रॉकवूलची कुसं तिथपर्यंत येऊन अंगाला खाज सुटायची. चौकट उभी करून गोपीनाथ गावाला लग्नाला गेला तो फोनच उचलेना. भिंत पूर्ण झाली तेव्हा बेडरूम वीतभर लहान झालेली आणि कपाटाचं दार अर्धंच उघडत होतं.

पण केशरबाईंचा टीव्ही ऐकू येईना, फोनवरचं बोलणं ऐकू येईना. माया समाधानाने आडवी झाली. गुंगी आली, आणि पलंग गुणगुणायला लागला. तिने खाली वाकून लादीला हात लावला. लादी थरथरत होती. घरघंटीची घरघर जमिनीतून येत होती.

तिने रत्नदीपला फोन लावला.

"अगं, लादीखाली पण रबर घालता येतं. मी बघितलंय एका व्हिडिओत..."

मायाने फोन कट केला. विस्कटलेल्या केसांनी, गाऊनवरच ती उठली. कुरियरवाल्यांनी बेल वाजवून तिला उठवू नये म्हणून रत्नदीप जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावून जायचा. जाळीतून हात घालून तिने आपल्या किल्लीने ते काढलं आणि शेजारची बेल दाबली.

केशरबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या. "माया? आज सुट्टी का गं?"

"नाही काकू. या वेळी रोजच घरी असते. झोपायचा प्रयत्न करते."

"रोज? पण बाहेरून कुलूप असतं तुमच्याकडे. मला वाटायचं, दिवसभर कुणी नसतं. म्हणून तर दळण दुपारी काढते. संध्याकाळी तुम्ही घरी असता, त्रास नको म्हणून."

मायाला हसावं की रडावं कळेना. "आणि ती ठोकाठोक, काकू?"

"फर्निचर करताय वाटलं." सगळं ऐकल्यावर मात्र केशरबाईच वैतागल्या. "इतकी वर्षं शेजारी राहतो आपण. एकदा तोंड उघडायचंस ना गं."

दोघींनी मिळून घरघंटी ओढत पलीकडच्या स्वयंपाकघरात नेली, खाली जाड रबरी पायपुसणं घातलं. दळण आता माया कामावर निघाल्यानंतर होतं.

माया दुपारी झोपते, चांगली गाढ झोपते. कोणी पाहुणे आले की रत्नदीप त्यांना बेडरूममध्ये नेतो, भिंतीवर टकटक करून म्हणतो, "ही घातल्यापासून हिला काय मस्त झोप लागते!" पहिल्यांदा मायाने खरं काय ते सांगून बघितलं. तो म्हणाला, "भिंतीचाही हातभार आहेच की." दुसऱ्यांदा ती पाहुण्यांसाठी चहा टाकायला निघून गेली.