सासऱ्यांच्या पटावरची मोर्शी

डिंकाचा वास आला की मला अजून सासऱ्यांचा तो पट आठवतो. लग्नाला चारच महिने झाले होते आणि अकोल्याच्या घरात मी डोक्यावरचा पदर सावरत वावरत होते. सासरे शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी पुठ्ठ्यावर प्रवासाचा खेळ काढला होता. कवड्या टाकत धामणगावहून निघायचं आणि मोर्शी, परतवाडा करत अकोल्याला पोचायचं; वाटेत काही घरांवर सोंगटी थांबली की मागे जायचं. घरातल्या सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. मग ते सासूबाईंना म्हणाले, "सुनबाईले इचारा, कसा वाटला." समोर बसूनही मी सासऱ्यांशी बोलत नसे, आमचं सगळं सासूबाईंमार्फत चाले. मी त्यांच्या कानाशी लागले आणि त्यांनी ते मोठ्यानं सांगून टाकलं, "खेळ बरा हाये म्हन्ते, पन शेवटी लय रेंगाळते. अन् मोर्शीले पोचल्याबरोबर मानसाले माघारी काहून धाडता, इचारते." मोर्शी माझं माहेर. मला मान वर करवेना. सासऱ्यांनी कागदाचा तुकडा फाडला, डिंक लावून मोर्शीच्या घरावर डकवला आणि पहिल्यांदाच थेट मला विचारलं, "मुक्काम किती दिवसाचा लिहू, पोरी?" मी म्हटलं, "आठ." पुढच्या सोमवारी त्यांनीच मला मोर्शीच्या एसटीत बसवून दिलं. पट आता माझ्या कपाटात आहे. खेळ खरंच बेताचा आहे, पण मोर्शीवरचा तो कागद अजून सुटलेला नाही.