कडू लागतंय का?
हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, पण पाडव्याला घरात कडुलिंबाचा पाला वाटायला घेतला की त्या वासानं आजही मी उठून अंगणात जातो. कापूस वेचताना माझ्या सुनेला साप चावला होता. रीतीप्रमाणे मी तिला मारुतीच्या देवळात नेलं, पायरीवर बसवलं आणि पाला चारला. कडू लागला तर विष चढलेलं नाही, असं आम्ही मानायचो. "कडू लागतंय का?" मी दरडावलं. "लागतंय, मामा," ती पुटपुटली. तेवढ्यात गावातली आशाताई धावत आली. "तात्या, हिच्या पापण्या मिटायल्यात, बघा की! गाडी बोलावलीय, अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यावं लागंल." "कडू लागतंय म्हणली न्हवं? तू हो बाजूला!" असं ओरडून मी तिला ढकललं. ती पायरीवर आपटली, बांगड्या फुटून मनगटातून रक्त आलं. तशीच उठून तिनं सुनेला जवळ घेतलं. "खरं सांग बाई, कसं लागतंय?" "कायच लागंना... मामांच्या भेवानं म्हणले." मी बाजूला झालो. गाडी आली, आशाताईनं त्याच रक्ताळलेल्या हातानं तिला आत चढवलं, आणि सून वाचली. आशाताई अजून घरोघरी तब्येत विचारत दारावरून जाते, तिच्या मनगटावरचा वण मला दिसतो. "तात्या, बीपीची गोळी घेतली का?" "घेतली," मी म्हणतो, आणि "बाई, त्या दिवशी..." एवढं ओठांवर येईपर्यंत ती पुढच्या घरी पोचलेली असते.