बुडखा आणि शेंडा

मी बी.ए. होऊन नागपूरहून मूल या आमच्या गावी परत आलो, तेव्हा आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच होतो. वडील राइस मिलमध्ये धान उकडण्याच्या हौदावर काम करायचे. मी शिकलो ते त्यांच्या हट्टामुळे, आणि दुसऱ्या एका माणसामुळे. ते म्हणजे आमच्या शाळेचे हेडमास्तर. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. नागपूरला माझी राहण्याची सोय त्यांनी केली होती, आणि परत आल्यावर पहिलं कामही त्यांनीच दिलं. त्या कामात मी केलेली एक चूक इथे सांगायची आहे.

सर त्याआधी काही महिने नॉर्वेला जाऊन आले होते. गेले होते तिथल्या खेड्यांतल्या शाळा पाहायला, पण परत आले ते एका वेगळ्याच गोष्टीच्या नादात. तिथे एका टेकडीवर त्यांनी एक संग्रहालय पाहिलं होतं. कपाटं नाहीत, काचा नाहीत, वर छतही नाही. लांबलांबच्या दऱ्यांमधली जुनी शेतकऱ्यांची घरं तिथे आणून जशीच्या तशी उभी केलेली. गोठे होते, धान्याची कोठारं होती, सबंध लाकडाचं एक प्रार्थनामंदिर होतं. सरांनी त्याचा फोटोंचा अल्बम आणला होता. शाळा सुटल्यावर ते मला ऑफिसात बसवायचे आणि एकेक फोटो दाखवायचे. एका फोटोत एक माणूस घराचं लाकूड उतरवताना त्याच्यावर खुणा करत होता.

"पाहिलंस? प्रत्येक लाकडाला नंबर," सर म्हणायचे. "म्हणजे पुन्हा रचताना चूक व्हायला नको."

आपल्याकडेही असं काही करावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. गावाबाहेर शाळेची थोडी पडीक जमीन होती. तिथे आपल्या झाडीपट्टीतलं, म्हणजे या धानाच्या मुलखातलं, निदान एक शेतकऱ्याचं घर उभं करायचं, पुढे जमेल तशी भर घालायची. मदतनीस म्हणून त्यांनी मला घेतलं. "तू या मुलखातला आहेस आणि शिकलेला आहेस," ते म्हणाले. त्या वाक्याने मी किती दिवस हवेत होतो, ते आज सांगायला संकोच वाटतो.

घर मिळालं सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात. धानाची शेती करणारं कुटुंब. घरच्या म्हाताऱ्याच्या मुलाने रस्त्याच्या कडेला विटांचं नवं घर बांधायला काढलं होतं आणि जुनं घर उतरवून त्याचं सागवान नव्या घराला वापरायचं, असं त्याचं ठरलेलं होतं. आम्ही गेलो तेव्हा म्हातारा सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, दोर वळत बसला होता. सरांनी अल्बम उघडून त्याच्यासमोर ठेवला. मुलगाही वाकून पाहू लागला.

"हे काय जी? छपरावर गवत उगवून राह्यलं," मुलगा म्हणाला. "शाकारत नाई काय हे लोक?"

"थंडीसाठी मुद्दाम लावतात," सरांनी सांगितलं.

"मंग बकऱ्या वरतीच चारत असन," म्हातारा म्हणाला, आणि स्वतःच हसला. पण पुढच्या फोटोपाशी तो थांबला. लाकडाच्या आखूड पायांवर उभं केलेलं एक कोठार होतं. त्याने त्या पायांवर बोट ठेवलं. "उंदीर नाई चढत," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने विचारलं, "या घरातले लोक कुठी गेले?"

"त्यांनी नवी घरं बांधली असतील," सर म्हणाले.

"आमच्यासारखीच."

त्याने घर द्यायचं कबूल केलं. मुलगा चिडला. ते सागवान गेलं तर नव्या घराला लाकूड कुठून आणायचं, असा त्याचा सवाल होता आणि तो खोटा नव्हता. म्हाताऱ्याने त्याला गप्प केलं, पण आम्हालाही मोकळं सोडलं नाही. "माह्या बापानं बांधलं हे घर. मी तवा पोर होतो, खड्ड्यात गोटे टाकत होतो. जसं हाय तसं उभं करान तर न्या. मी येऊन पाहीन. तसं नसलं तर लाकडं गाडीत घालून वापस आणीन. पोराले लागतात."

मी म्हाताऱ्याला म्हणालो, "भाऊ, जसं आहे तसंच उभं राहील. माझी जबाबदारी."

घर उतरवायला आम्हाला आठ दिवस लागले. छपराचे कवेलू म्हणजे कौलं, वासे, आडवी मयालं म्हणजे तुळया, कुडाच्या भिंतींचे साचे, सगळ्यावर मी गेरूने नंबर घातले आणि वहीत नकाशा काढला. घराचा सगळा भार मधल्या चार खांबांवर होता. चौकोनी तासलेले, हात फिरून फिरून काळे, गुळगुळीत झालेले सागवानी खांब. त्यांच्या पोटावर मी एक ते चार आकडे मोठ्या अक्षरांत घातले.

मूलला आणल्यावर दिसलं की चारही खांबांचा जमिनीत गाडलेला भाग वाळवीने खाल्ला आहे. मी विचार केला, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटला. खालचं टोक खराब, वरचं शाबूत. मग वरचं टोक खाली घ्यावं आणि खालचं थोडं कापून वर न्यावं. सुताराचं काम करायला गावातला एक मुसलमान मिस्त्री होता, पोक्त माणूस. त्याने करवत हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"उल्टा करून राह्यलो, बाबू. देख लो."

"करा," मी म्हणालो. "नंबर आपल्याकडे आहेत."

"तुमचा हुकूम," तो म्हणाला.

सरांनाही माझी युक्ती आवडली. घर उभं राहिलं. भिंती लिंपल्या, कवेलू चढले. उद्घाटनाचा दिवस ठरला, आणि म्हाताऱ्याला आमंत्रण द्यायला मी लहान रुळांच्या आगगाडीने सिंदेवाहीला, तिथून त्या खेड्यात गेलो.

म्हातारा अंगणात होता. नव्या घरामागे बैलांसाठी मांडव घालणं चाललं होतं. तासलेला एक खांब जमिनीवर पडला होता. दोन्ही टोकं सारखीच दिसत होती. त्याने मला बोलावलं. "मास्तर, या इकडं. जरा हात लावा." त्याने खांबाच्या बरोबर मध्यावर दोर बांधला आणि दोर वर उचलायला सांगितलं. खांब अधांतरी झाला, डुलला, आणि त्याचं एक टोक हळूहळू खाली कललं. म्हाताऱ्याने त्या टोकाला कोळशाची रेघ मारली.

"हा बुडखा. झाड उभं होतं तवा मुळाकडं हा होता. जड रायते. खांब रोवताना बुडखा खाली, शेंडा वर. झाड जसं उभं होतं तसंच."

"आणि उलटा रोवला तर?"

"झाड कोनी शेंडा मातीत घालून लावते काय?" तो हसून मुलाला म्हणाला, "बीएत हे नाई शिकवत वाटते."

दोर माझ्या हातातच होता. मी आमंत्रण दिलं, चहा प्यालो आणि परत निघालो. काही सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर मला कळलं की ज्या फोटोवरून मी नंबर घालायला शिकलो, त्यातल्या घराचे ओंडके आडवे रचलेले होते. आपले खांब उभे असतात. वर कोणतं आणि खाली कोणतं हे त्या नंबरात कुठेच नव्हतं. पुढे अनेक वर्षांनी एका पुस्तकात वाचलं की तिथले सुतारही ओंडके रचताना बुडखा कुठे आणि शेंडा कुठे याचा विचार करतातच. फोटोत ते दिसलं नव्हतं, एवढंच.

सरांना सांगितलं. उद्घाटनाला पाच दिवस उरले होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या. ते म्हणाले, "कार्यक्रम होऊन जाऊ दे. मग शांतपणे पाहू." मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी या घरासाठी किती लोकांचे उंबरे झिजवले, ते मी पाहिलं होतं. मीही मनातल्या मनात तेच म्हणत होतो, की भिंती लिंपल्यावर कोणाला काय दिसणार आहे?

घरी आलो तर वडील मिलमधून येऊन पाय धूत होते. त्यांना सगळं सांगितलं, बहुधा तेही 'राहू दे' म्हणतील या आशेने.

"मंग त्याले सांगून आलास?"

"नाही."

"काऊन? बीए होऊन लपवाले शिकला काय, बाबा?" एवढं बोलून ते पाय पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा सिंदेवाहीला गेलो. सरांना विचारलं नव्हतं. आयुष्यात त्यांच्या शब्दाबाहेर वागण्याची ती पहिली वेळ होती. म्हातारा मांडवावर चढून तुराट्या पसरत होता. मी खाली उभं राहूनच सांगितलं. तो खाली उतरला नाही.

"किती खांब?"

"चारी."

"उद्या बैलगाडी घेऊन येतो," तो म्हणाला, आणि पुढची पेंढी उचलली.

तो आला तेव्हा गाडीत मुलगा होता आणि गावातले आणखी चार जण. मुलाच्या चेहऱ्यावर समाधान स्पष्ट दिसत होतं. सर फाटकापाशी उभे होते. मी केलेलं त्यांना सकाळीच सांगितलं होतं. म्हाताऱ्याला त्यांनी हात जोडले. "चूक आमची आहे, भाऊ. तुम्ही म्हणाल तसं."

कवेलू उतरवले, वासे उतरवले. दुपारपर्यंत चारही खांब उपटून आंब्याच्या सावलीत ठेवले. म्हाताऱ्याने मला दोर बांधायला लावला. एक नंबरचा खांब उचलला. वरचं टोक कललं. कोळशाची रेघ. दोन नंबर तसाच. तीन नंबर तसाच. मुलगा लाकडं बांधायला गाडीची दावी सोडायला लागला होता.

चौथा उचलला आणि त्याचं मातीने माखलेलं टोक खाली गेलं. म्हणजे मी जे टोक जमिनीत गाडलं होतं तेच.

"दोर मधात नाई बांधला," म्हातारा म्हणाला. त्याने स्वतः दोरीने मोजून गाठ सरकवली. पुन्हा उचलला. पुन्हा तेच टोक खाली. त्याने ओल्या फडक्याने टोक पुसलं, लाकडाच्या गाठी निरखून पाहिल्या, नखाने खरवडलं. मग तो खांबाशेजारीच जमिनीवर बसला.

मला आधी समजलंच नाही. समजलं ते मिस्त्रीला. "बाबू, आपल्या हातानं हा सुल्टा झाला," तो हळूच म्हणाला. "म्हणजे पह्यलेपासून..."

"माह्या बापानं उलटा रोवला होता," म्हातारा मोठ्याने म्हणाला. लपवायचं असतं तर त्याला गप्प राहता आलं असतं. मिस्त्री माझ्यापुरतंच बोलला होता, त्या दोघांखेरीज गाठी वाचणारं तिथे कोणी नव्हतं, आणि दोर चुकला म्हणून त्याने रेघ हवी तिथे मारली असती तरी आम्ही मान डोलावली असती.

मुलगा जवळ आला. "म्हंजे आपण सारे उलट्या खांबाखाली वाढलो?"

"तू त वाढलास. दिसून राह्यलं," म्हातारा म्हणाला. मग तो हसायला लागला. हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते हसण्याचं होतं की बापाच्या आठवणीचं, मी विचारलं नाही. "मले शिकवणारा तोच. एक काडी उलटी बांधली त मारत होता मले."

आम्ही सगळे वाट पाहत होतो. बैल उभे होते, गाडी रिकामी होती. त्याने उठून तीन खांबांकडे बोट दाखवलं. "हे फिरवा. बुडखा खाली."

"इथेच रोवायचे?" सरांनी विचारलं.

"मंग कुठी?"

"आणि हा चौथा?" मी म्हणालो. "हा तर आता बरोबर आहे, भाऊ. हा तसाच ठेवू."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बरोबर हाय, पन आमचा नाई. बापानं ठेवला होता तसा ठेवा. उलटा."

मला वाटतं, नॉर्वेच्या त्या टेकडीवर सरांना जे कळलं होतं, ते पुरतं त्या क्षणी कळलं असावं. निदान माझं तरी तसं झालं. घर जपायचं म्हणजे त्यातली माणसं जशी होती तशी जपायची, त्यांच्या चुकांसकट. माझी चूक मात्र त्या घराची नव्हती. ती काढूनच टाकायला हवी होती.

खांब पुन्हा रोवायला दोन दिवस गेले. म्हातारा दोन्ही दिवस तिथेच राहिला. रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपायचा, सकाळी खड्ड्यात दगड बसवायला उतरायचा. मुलगा आधी नुसता बसून होता, पण वासे चढवायला लागले तसा तोही वर गेला. उद्घाटनाच्या दिवशी अर्ध्या छपरावर कवेलू नव्हते. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, आतली रचना दिसावी म्हणून मुद्दाम उघडं ठेवलं का? सर म्हणाले, "हो, तसं समजा."

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर म्हाताऱ्याने गाडी जुंपायला सांगितली. मी त्याच्या पाया पडलो. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मुलगा मात्र कुरकुरत होता. इतक्या लांब गाडी आणली, लाकडासाठी आणली, आणि आता रिकामी वापस न्यायची.

"रिकामी काऊन?" म्हातारा चाकावर पाय देऊन वर चढत म्हणाला. "तुहा बाप बसला हाय नं गाडीत. हाक."