कौसाबाईचं फुगणारं पोट

जाळं ओढताना आम्हा मासेवाल्या बायांचे हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. म्हणून तलावावर गोष्टींची टंचाई कधी पडली नाही. पण मागच्या साली साऱ्या गोष्टी एकाच पोटातून निघाल्या. ते पोट माझ्या मोठ्या जावेचं, कौसाबाईचं.

दोन घास खाल्ले का तिचं पोट ढोलासारखं फुगायचं. हातपाय मात्र वाळत चालले. आरमोरीच्या बाजारात तिला मासळी तोलायच्या काट्यावर बसवलं, तर महिन्याभरात चार किलो कमी! ही काही जगत नाही, असं आम्ही मनात धरूनच टाकलं.

तशात शेजारच्या शेवंतानं तलावावर चिडवलं, "कौसाबाई, कितवा महिना वो?"

साठीची कौसाबाई. हातातलं जाळं न सोडता म्हणाली, "तुह्या नवऱ्याले पूस."

शेवंता आठ दिवस तलावावर फिरकली नाही.

*

नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं पोट दाबून पाहिलं. म्हणाली, "मोठ्या आतड्यातले जंतू लहान आतड्यात येऊन वाढले असतील. तुमचं अन्न तुमच्याआधी तेच खातात, त्याचा गॅस होतो."

मी तर गारच पडली. आपल्या पोटात दुसरेच जेवून राह्यले!

कौसाबाई शांत. "म्हंजे खालच्या तलावातले मासे वरच्या तलावात चढले."

"अगदी तसंच."

"मंग चढू कोनं देल्लं?"

डॉक्टरीणबाईनं तिच्या पिशवीतून ॲसिडिटीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. चार वर्षं, रोज सकाळी एक, कोणाला न विचारता. "यांनी वाट सोपी केली असेल," ती म्हणाली.

*

तपासणी अशी का, साखरेचं पाणी प्यायचं अन् थोड्या थोड्या वेळानं नळीत फुंकायचं.

हे ऐकून कौसाबाईचा नवरा दवाखान्याच्या दारातच थांबला. आमचा दारूबंदीचा जिल्हा. फुंकायला लावतात ते पोलीस, एवढंच त्याला ठाऊक.

"तुमी दोघी जा," तो मला म्हणाला. "मी भायेरच बरा."

*

आत नर्सनं विचारलं, "रात्रीपासून काही खाल्लं का?"

"नाई बाई. पानी बी नाई."

"तोंड उघडा."

उघडलं. गालात खर्रा!

नर्सच्या हातून नळी पडली. तंबाखू-सुपारीनं तपासणी बिघडते म्हणे. कौसाबाई उलट तिच्यावरच चिडली, "खाल्लं का पुसलं तुमी. खर्रा का जेवन असते?"

आमच्याकडं खर्रा जेवणात कोणीच धरत नाही, मीही नाही धरला. तपासणी पंधरा दिवस पुढं गेली. त्या पंधरा दिवसांत ती आणखी दीड किलो उतरली.

*

शेवटी तपासणी झाली, जंतूच निघाले. चौदा दिवसांच्या गोळ्या झाल्या. पंधराव्या दिवशी सकाळीच तिचा निरोप आला, "लवकर ये."

मी जाळं तसंच पाण्यात सोडून धावली.

कौसाबाई दारात उभी. नवी कोरी हिरवी साडी नेसलेली, डोक्यावर मासळीची टोपली.

"हे कवा घेतली वो?"

"नागपूरले जायच्या आंधी. मले मसनात नेतान तवा नेसवाले." तिनं सपाट पोटावर हात फिरवला. "काल दोन येळा पोटभर जेवली, काईच नाई फुगलं. मंग कायले ठेवू? चाल, बाजाराले उशीर होते."

मी तिचा पदर धरला. "अवं बाई, अन् मरशीन तवा?"

"तवा तुही साडी नेसवजो."