जातो नव्हे, येतो

आमच्या वरच्या मजल्यावर करीमसाहेब राहतात. सव्वीस वर्षं, पाच देशांतल्या अफगाण वकिलातींत नोकरी. काबूलमधलं सरकार बदललं आणि ती संपली. आता पुण्यात लेकीकडे असतात, मराठी शिकतात. काल चहा पिऊन उठताना म्हणाले, "जातो."

"अहो, जातो म्हणू नये," बायकोने टोकलं. "येतो म्हणायचं."

"पण भाभीजी, मी तर जातोय!"

"तरी येतोच. परत यायचं असतं ना!"

ते दारातच थांबले. "आणि जिथे परत जाता येत नाही, तिथून निघताना?"

"तिथे तर नक्कीच येतो."

"काबूलहून शेवटचा निघालो तेव्हा आईला मी काहीच बोललो नाही," ते म्हणाले, "ती झोपली होती."

मी एकोणतीस वर्षं रोज 'येतो' म्हणून निघालो आणि साडेसहाला घरी परतलो. त्या शब्दात काही मागणं असतं, हे मला कधी जाणवलंच नव्हतं.