कारापूरच्या मेस्त्रीला पडलेला उजवा कौल

आमच्या डिझेल गाडीचा मेस्त्री ग्रामदेवाने निवडला, त्यामुळे मला कोणाकडे तक्रारही करता येत नाही.

गाडी काळा धूर ओकत होती आणि माणसांचे उपाय संपले होते हो! तुयेच्या मेस्त्रीने पंप बदलला, डिचोलीच्याने त्या पंपाला शिव्या घालून दुसरा बसवला, आणि तिसऱ्याने नुसती गाडी धुऊन दिली. (गाडी सुंदर दिसत होती. धूर तेवढाच काळा होता.) मी पार थकलो होतो. त्यात माझी मेव्हणी विजू पुण्याहून मोपाच्या विमानतळावर उतरणार म्हणून निरोप आला, आणि आमच्या सुलूने, म्हणजे बायकोने, निकाल दिला.

"विजूक ह्या गाडीतून वाटेत न थांबता घराक हाडलात तर गाडी ऱ्हवतली. नायतर इकून टाका!"

मी घाबरलो. ह्या गाडीवर माझा असा जीव आहे, की सुलू तिला सवत म्हणते!

तेवढ्यात कोणीतरी कारापूरच्या बाबल मेस्त्रीचं नाव सुचवलं. एकदम सरळ माणूस, म्हणे. पण असं मी तिघांबद्दल ऐकलं होतं. शेवटी आम्ही लग्नापासून विहिरीपर्यंत सगळ्यासाठी जे करतो तेच केलं. देवाला कौल लावला! मूर्तीवर फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने खणखणीत गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराची गाडी धूर सोडता. कारापूरचो बाबल मेस्त्री भरवशाचो आसा, तर उजवो कौल दी!"

"होय म्हाराजा!" देवळातले सगळे ओरडले.

टप्! उजवी!

मी धूर सोडत थेट कारापूर गाठलं. बाबल मेस्त्रीने गाडी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"दादा, पण मी..."

"पण नाही नि बिण नाही! उजवा कौल पडलाय!"

बिचाऱ्याने देवाच्या नावाने हात जोडले आणि पाना उचलला.

काही दिवसांनी गाडी परत मिळाली. सोबत उंड्यांच्या, म्हणजे पावाच्या, पिशवीत बरेचसे नट, बोल्ट आणि एक लांबुडकी नळी.

"ह्या उरला. तुमचा तुमका. दुसऱ्याची वस्तू मी ठेवणंय नाय."

मी गहिवरलो! आजच्या काळात असा माणूस! शिवाय धूरही कमी झाला होता. (धूर सोडणारे भाग बहुधा पिशवीत होते.)

विजूला आणायला मी आणि सुलू ऐटीत मोपाला गेलो. विजू तिच्या अवजड बॅगांसह आत बसली.

"भाऊजी, विमानसुद्धा एवढं थरथरलं नाही हो!"

"डिझेलची ताकद आहे ती!" मी म्हणालो, आणि सड्यावर, भर उन्हात, आडोशाला झाड नाही अशी जागा निवडून गाडी थांबली. सुलूने उतरून दार धाडकन आपटलं.

आम्ही तिघे बॉनेटात डोकावत होतो, तोच मागून एक स्कूटर आली. बाबल मेस्त्री! त्याला बोलावलं कोणी?

"दादा, आनीक एक बोल्ट गावलो! तुमच्या घराक गेललंय, शेजारी म्हणाले मोपाक गेले."

"किती प्रामाणिक माणूस!" विजू म्हणाली.

"बाबल, बोल्ट राहू दे. इंजिनाला काय झालंय ते सांग!"

"माका काय ठावक? मी स्कूटरी करतंय. डिझेलाक जल्मात पयल्यांदा हात लावलो!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगूक दिलात?"

आता मात्र सुलू मध्ये पडली. "देवान भरवशाचो सांगलो, तो भरवशाचोच आसा. डिझेल येता काय, ता तुम्ही खंय इचारलात?"

विजू बाबलच्या स्कूटरवरून घरी पोचली. तिच्या बॅगा, सुलू, मी आणि गाडी दोर बांधून एका टेम्पोच्या मागून!

शब्द तो शब्द. गाडी विकायला काढली. बांद्याचा एक गृहस्थ आला. गाडी बंद आहे हे मी खरंखरं सांगितलं, तरी त्याला ती आवडली. माझं काळीज तुटत होतं. इतक्यात तो म्हणाला, "गाडी बरी आसा. पण मालक भरवशाचो काय, ता एकदा देवाक इचारतंय."

पुन्हा तेच देऊळ, तोच गुरव, तेच गाऱ्हाणं. फक्त बाबलच्या जागी माझं नाव. "होय म्हाराजा!" म्हणायला गावकऱ्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात टप्!

डावी.

गृहस्थ बांद्याला परतला. सुलूचंही देवापुढे काही चालेना. उभ्या गावासमोर मी बेभरवशाचा ठरलो आणि माझी गाडी वाचली! देवाचे आभार मानायला मी दर सोमवारी देवळात जातो.

चालत.